टी पेशी सुटा तुकडा ओळखत नाही

फ्लूच्या विषाणूचा एकच प्रथिन-तुकडा दोन व्यक्तींच्या पेशींत तयार होऊनही एकीच्याच टी पेशींना (बाधित पेशी ओळखणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींना) तो का 'दिसतो', असा आपला प्रश्न आहे. याचे कारण, टी पेशी सुटा तुकडा कधीच ओळखत नाही. प्रतिपिंड (अँटिबॉडी) अखंड प्रथिनाला थेट चिकटते. टी पेशीचा ग्राही (रिसेप्टर) मात्र तुकडा आणि त्याला पेशीच्या पृष्ठभागावर आपल्या खाचेत धरून ठेवणारा, माणसागणिक वेगळा असणारा एचएलए रेणू या दोघांचा मिळून झालेला पृष्ठभाग चाचपतो. प्रतिकारशास्त्रज्ञ झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी 1974 मध्ये ऑस्ट्रेलियातील कॅनबेरात हेच दाखवले: संसर्ग झालेल्या उंदराच्या टी पेशी आपल्याच एमएचसी (माणसातल्या एचएलएसारखे रेणू) प्रकारच्या बाधित पेशी मारत, पण त्याच विषाणूने बाधित असलेल्या परक्या प्रकारच्या पेशींना हात लावत नसत.

फ्लूच्या एम1 प्रथिनातला नऊ अमिनो आम्लांचा एक तुकडा पाहा. त्यातले दुसरे आयसोल्यूसिन आणि नववे ल्यूसिन एचएलए-ए2 या एचएलए प्रकाराच्या खाचेतील दोन कप्प्यांत घट्ट बसतात आणि मधले फेनिलअलानिन आत वळते, त्यामुळे वर उरलेला भाग जवळजवळ सपाट असतो. अनेकांच्या टी पेशींचा ग्राही आपले एक आर्जिनिन नेमके तुकडा आणि खाचेची भिंत यांच्यामधल्या फटीत घुसवतो. मला हा तपशील फार बोलका वाटतो, कारण ती फट एकट्या तुकड्याची नाही आणि एकट्या एचएलएचीही नाही.

एचएलए रेणूंचे दोन वर्ग आहेत; ही झाली पहिल्या वर्गाची आणि तो वाचणाऱ्या सीडी8 या टी पेशींची गोष्ट. दुसऱ्या वर्गाच्या रेणूंची खाच दोन्ही टोकांना उघडी असल्याने त्यांत साधारण 13 ते 25 अमिनो आम्लांचे तुकडे मावतात आणि ते सीडी4 या दुसऱ्या प्रकारच्या टी पेशी वाचतात. पहिला वर्ग पेशीच्या आतले आणि दुसरा बाहेरून गिळलेले दाखवतो, हा पाठ्यपुस्तकातला नियम मात्र ताठर समजू नये. डेंड्रिटिक पेशी (टी पेशींना तुकडे दाखवणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) गिळलेल्या प्रथिनाचे तुकडेही पहिल्या वर्गावर मांडू शकतात.

आता दुसरी व्यक्ती. तिच्याकडे ए2 ऐवजी बी27 हा पहिल्या वर्गाचाच दुसरा एचएलए प्रकार असेल, तर त्या खाचेला दुसऱ्या जागी आर्जिनिन लागते, म्हणून तिच्या टी पेशी त्याच विषाणूच्या न्यूक्लिओप्रथिनातला, दुसऱ्या जागी आर्जिनिन असलेला तुकडा ओळखतात. 1990 च्या दशकात एच3एन2 या फ्लू विषाणूत नेमके ते आर्जिनिन जाऊन तिथे ग्लायसिन आले आणि तो तुकडा बी27 च्या खाचेतून निसटला.