हॉस्पिटल माझी जुनी फाईल मला न विचारता रिसर्चला वापरू शकतं का?

हो, काही वेळा वापरू शकतं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या गाइडलाइन्सप्रमाणे नाव-गाव काढून टाकलेल्या जुन्या रेकॉर्डवर अभ्यास असेल तर एथिक्स कमिटी (रिसर्च नीतीला धरून आहे का ते तपासणारी समिती) संमतीची अट माफ करू शकते, पण ते कमिटीने ठरवायचं, डॉक्टरांनी परस्पर नाही.

आता नुसतं नाव खोडलं म्हणजे झालं का, तर अजिबात नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधे नव्वदच्या दशकात सरकारी कर्मचाऱ्यांचा हॉस्पिटल डेटा नावं काढून रिसर्चला दिला होता, तर लटान्या स्वीनी नावाच्या विद्यार्थिनीने तिथल्याच केंब्रिज शहराची मतदार यादी 20 डॉलरला विकत घेतली, जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड जुळवला आणि थेट गव्हर्नर विल्यम वेल्ड यांचंच रेकॉर्ड शोधून काढलं! आपल्याकडे तर तालुक्याच्या गावात एखादा दुर्मिळ आजार आणि वय एवढं लिहिलं तरी अख्ख्या गावाला कळतं कोण ते.

आणि ॲडमिट होताना कागदांचा जो गठ्ठा पुढे करतात ना, त्यात उपचाराची संमती आणि रिसर्चची संमती वेगळी असायला हवी, रिसर्चवाल्या कागदावर सही नाही केली तरी उपचार थांबवता येत नाहीत, बिनधास्त नाही म्हणा.