शेजाऱ्याचा स्लॅब, आपली भिंत

यावेळी टपालात निम्म्याहून जास्त पत्रं शेजाऱ्यांचीच. आपल्याकडं असंच असतं, उन्हाळ्यात बांधकामं निघतात आणि मिरगाचा पहिला पाऊस पडला की भांडणं निघतात. मी नोकरीतली बरीच वर्षं एका नगरपालिकेत आवक-जावकच्या टेबलावर काढली, त्यामुळं असे अर्ज कसे येतात आणि कुठं जाऊन झोपतात ते जवळून बघितलंय. तीन पत्रं घेतो.

प्रश्न : आमचं घर बांधून नऊ वर्षं झाली. बाजूच्या प्लॉटवाल्यानं आमच्या भिंतीला खेटूनच काम काढलं, एक बोटभर जागा सोडली नाही, आता दुसऱ्या मजल्याचं सेंट्रिंग लावायलेत. आमच्या खिडक्या बंद झाल्या, त्यांच्या छताचं पाणी आमच्या भिंतीवर पडतंय, आणि वर आमच्या हद्दीत सहा इंच आलेत असं आमचं म्हणणं आहे. नगरसेवकाला तीनदा सांगितलं, वॉर्ड ऑफिसच्या साहेबाला व्हॉट्सॲपवर फोटो टाकले. निळ्या टिका आल्या, माणूस काही आला नाही. (परभणी)

दादा, तुमच्या एका पत्रात चार तक्रारी आहेत आणि तिथंच घोळ आहे. हद्द कुणाची हे महापालिका ठरवतच नाही, ते भूमी अभिलेखचं काम, मोजणीची फी भरा आणि मोजून घ्या. पाण्याचं आणि उजेडाचं भांडण दिवाणी कोर्टाचं, आणि उजेडाबद्दल आधीच सांगतो, खिडकीतल्या उजेडवाऱ्यावर हक्क सांगायला 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात सलग 20 वर्षं लागतात, तुमची नऊच झालीत. राहिलं काय तर सोडायची जागा सोडली नाही हे, म्हणजे साईड मार्जिन, आणि हे मात्र शंभर टक्के महापालिकेचं काम.

म्हणून अर्जात हद्दीचा ह सुद्धा लिहू नका. का ते सांगतो. इंजिनिअर जागेवर येतो, शेजारी म्हणतो साहेब मी माझ्याच जागेत आहे, तुम्ही म्हणता सहा इंच आत आला, दोन बायका मधी पडतात, आवाज वाढतो, आणि साहेब ‘खाजगी वाद, अर्जदाराने दिवाणी न्यायालयात दाद मागावी’ असा शेरा मारून चहाला मोकळा. असल्या शेऱ्याच्या फायली मी स्वतः गठ्ठ्यानं बांधल्यात. अर्जात एवढंच विचारा की या प्लॉटवर परवाना आहे का, असला तर मंजूर नकाशात बाजूला किती जागा सोडायची होती, आणि जागेवर किती सोडली. याला शेरा मारून पळता येत नाही, टेप धरावाच लागतो. मार्जिन किती हे प्लॉट केवढा आणि समोरचा रस्ता किती रुंद यावर ठरतं, 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत सगळं आहे, ओळखीचा कुणी सिव्हिलवाला असंल तर पाच मिनिटात काढून देईल.

दुसरं म्हणजे घाई करा. स्लॅब पडायच्या आधीचा अर्ज आणि नंतरचा अर्ज यात लई फरक आहे. परभणी 2011 पासून महापालिका आहे म्हणून तुम्हाला 1949 चा महापालिका अधिनियम लागतो, त्यातलं कलम 267 चालू काम थांबवायचं आणि 260 नोटीस देऊन पाडायचं, शिवाय 1966 च्या नगररचना कायद्यातलं 53 आणि 54 आहेच. अर्जात ‘काम थांबवण्याची नोटीस द्यावी’ हे शब्द टाका. (बीड, हिंगोली, धाराशिववाल्यांनी 1949 च्या जागी 1965 चा नगरपरिषद अधिनियम लिहायचा, कलम 189.) अर्ज दोन प्रतीत, एकीवर आवकचा शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, उद्या या म्हणाले तर तिथंच उभं राहा.

पंधरा-वीस दिवसात काही हाललं नाही तर माहिती अधिकार लावा, दहा रुपयाचं कोर्ट फीचं तिकीट, माझ्या अर्जावर काय कारवाई केली आणि स्थळपाहणीच्या पंचनाम्याची प्रत, बस. 30 दिवसात उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. आणि लोकशाही दिन, म्हणजे अधिकारी समोर बसून तक्रारी ऐकतात तो, असतो महिन्याच्या पहिल्या सोमवारी, अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, लोक त्याच दिवशी कागद घेऊन जातात आणि परत येतात.

नगरसेवकाचं म्हणाल तर त्याच्या हातात पाडायचा अधिकार नाही. उलट 1949 च्या त्याच अधिनियमात कलम 10 मधी आहे की अनधिकृत बांधकामाला मदत केली किंवा कारवाईत आडवा आला तर त्याचं पदच जाऊ शकतं. हे त्याला माहीत असतं, म्हणून तो तुम्हालाही बघतो म्हणतो आणि शेजाऱ्यालाही.

प्रश्न : माझं उलटं आहे. गुंठेवारीतला प्लॉट, म्हणजे ले-आऊट मंजूर नसताना गुंठ्यानं विकलेला, बाँडपेपरवर घेतलेला, 2014 ला दोन खोल्या काढल्या, टॅक्स दरवर्षी भरतो. शेजाऱ्यानं रागानं तक्रार केली आणि मला नोटीस आली. टॅक्स घेतात मग अनधिकृत कसं? (छत्रपती संभाजीनगर)

टॅक्सची पावती म्हणजे परवाना नाही हो. अनधिकृत घरावर तर शास्ती म्हणजे दंड म्हणून जादा टॅक्स लावायची तरतूद आहे, आणि ती भरली तरी घर अधिकृत होत नाही हे कायद्यातच लिहिलंय. पण घाबरू नका, नोटीस फेकू मात्र नका. सुप्रीम कोर्टानं 13 नोव्हेंबर 2024 ला सांगितलंय की पाडण्याआधी कमीत कमी 15 दिवसाची नोटीस, म्हणणं मांडायची संधी आणि कारणासहित आदेश पाहिजे. रस्ता, फुटपाथ, नदी अशा सार्वजनिक जागेवर बांधलं असंल तर हे संरक्षण मिळत नाही, तेवढं आधी तपासा. मुदतीत लेखी खुलासा द्या, पोच घ्या.

आणि गुंठेवारीचा 2001 चा कायदा 2021 ला सुधारला तेव्हा 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं त्यात बसवली. तुमचं 2014 चं आहे, म्हणजे नियमितीकरणाला अर्ज करता येतो. बाँड, लाईटबिल, टॅक्सच्या जुन्या पावत्या, 2020 च्या आधीचा जो कागद असंल तो काढा, नकाशासाठी आर्किटेक्ट गाठा, आणि खुलाशात अर्ज केल्याचं लिहा. फी भरावी लागते. एजंट लोक फी सोडून वरचं मागतात, ते देऊ नका, चलन आपल्या हातानं भरा. जागा विकास आराखड्याच्या आरक्षणात किंवा सरकारी असंल तर मात्र हा रस्ता बंद आहे. शेजाऱ्याशी नंतर भांडा.

प्रश्न : नाव न देता तक्रार करता येती का? गल्ली लहान आहे, रोज तोंड बघायचं असतं. (सेलू)

निनावी अर्जाला पोच कुणाला देणार आणि पाहणीला आल्यावर कुणाला विचारणार, म्हणून तो खालीच राहतो. त्यापेक्षा गल्लीतल्या सात-आठ जणांच्या सह्या घ्या, आडव्या ओळीत नाही, गोल. आमच्याकडं एकदा तसा अर्ज आलता, पहिलं नाव कुणाचं हे साहेबालाही शेवटपर्यंत कळलं नाही.