बादगीरची तोंडं आधी उघड

अगं,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, परत परत ऐकला. तिकडे इराणात याझ्दला आजीच्या जुन्या घरात बसून दिवसभर तेहरानच्या क्लायंटसाठी लॅपटॉपवर इमारतींची मॉडेलं करायची, संध्याकाळी आजीशेजारी बसून अवेस्तातल्या प्रार्थना म्हणायच्या, आजी दरी या तुमच्या झरथुष्ट्री बोलीत बोलते आणि तू लाजून फारसीत उत्तर देतेस, त्यात चुलतभाऊ म्हणतो घराचं बुटीक हॉटेल करू, आणि तू विचारतेस, मॅडम, यातलं माझं खरं जगणं कुठलं. दोन्ही खरं आहे गं, त्यावर मी वेळ घालवणार नाही. पुण्यात कॅम्पात वाढलीस, घरी दरी, शाळेत मराठी, रस्त्यावर हिंदी, तेव्हा पडला होता का हा प्रश्न? अडलंय ते घराचं. आणि इतकी वर्षं जुन्या घरांची कामं करून मला एकच गोष्ट पटलीये, जे वापरात आहे तेच टिकतं.

तुमच्या आतशकदेचंच, त्या अग्निमंदिराचंच बघ ना. इमारत 1934ची, तीही आपल्याकडच्या पारशांनी पैसे घातले म्हणून उभी राहिली, आणि आतली आग मात्र इसवी सन 470च्या सुमारापासूनची मानतात. जागा बदलत, संकटांतून लपवत ती इथवर आणली लोकांनी. रोज कुणीतरी लाकूड घातलं म्हणून ती आहे. इमारत नवी चालते, लाकूड चुकलेलं चालत नाही. आणि तुमच्याच लोकांनी दख्मे, मृतदेह ठेवायचे ते टेकड्यांवरचे मनोरे, बंद केले की नाही? शहर वाढत वाढत त्या टेकड्यांपर्यंत आलं, मग दफनभूमी केली, आणि धर्म बुडाला नाही. आज तिथे टुरिस्ट चढून फोटो काढतात. म्हणजे सोडायचं ते सरळ सोडता येतं, फक्त वापर थांबवून शोभेला मांडून ठेवायचं आणि त्याला परंपरा म्हणायचं, हे मला सहन होत नाही.

तू पाठवलेल्या व्हिडिओत घराच्या बादगीरची, म्हणजे वारा पकडणाऱ्या मनोऱ्याची, तोंडं विटांनी बुजवलेली दिसली आणि मी खरंच चिडले. धूळ येते, कबुतरं येतात, माहितीये मला, मग जाळी लाव ना! खाली हौद कोरडा, त्यात सायकल ठेवलेली, आणि शेजारी पाण्याचा कूलर घरघरतोय. याझ्दच्याच दौलताबाद बागेत तो 33 मीटरचा बादगीर आहे ना, त्याच्या खाली मी भर दुपारी उभी राहिले होते, बाहेर डोळे उघडवत नव्हते आणि आत ओढणी हलत होती. वारा असला की वरच्या फटींतून खाली येतो, पाण्यावरून जाताना गार होतो, आणि वारा पडला तर तोच मनोरा धुराड्यासारखा आतली गरम हवा वर ओढून बाहेर टाकतो. कूलर काढ असं मी म्हणत नाहीये, आजीचं वय आहे, जुलैत पारा चाळिशीच्या वर जातो, लाव खुशाल. पण बादगीर वापरात ठेव.

वापर थांबला की काय होतं ते तुमच्या पायाखालीच आहे. झार्चचा कनात, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणारं भुयार, 70 किलोमीटरहून लांब, जामे मशिदीच्या खालून जातो, आणि अशी सगळी भुयारं मुकन्नींनी, कनात खणणाऱ्या कारागिरांनी, हातानं खणली, नुसत्या उतारावर पाणी वाहतं, पंप नाही काही नाही. मग खोल बोअर आल्या, पाण्याची पातळी गेली खाली, पाणी नाही म्हणून गाळ काढायला कुणी उतरेना, गाळ काढला नाही म्हणून भुयारं ढासळली. आता इस्फहानकडून झायंदेरूद नदीचं पाणी पाइपनं येतं आणि 2013ला तिकडच्या चिडलेल्या शेतकऱ्यांनी ती लाइन फोडली तेव्हा याझ्दचे काय हाल झाले ते आजीला विचार. शेतकऱ्यांचंही चूक म्हणवत नाही मला, त्यांचीच शेतं सुकत होती.

मला हट्टी म्हणतात सगळे. एका मोठ्या ऑफिसात होते तेव्हा पेठेतल्या एका वाड्याचा दर्शनी भाग ठेवून मागे सगळं पाडून पार्किंग काढायचं ठरलं, मी ड्रॉइंगवर सही केली नाही, नोकरी सोडली. पुढची कितीतरी वर्षं ओढाताणीत गेली, घरच्यांनी बोलून दाखवलं, वाडा तर पाडलाच. तो वाचला नाही याची हळहळ अजून जात नाही, पण सही केली नाही याची कधीच वाटली नाही. आज विचारलं तरी करणार नाही, कारण आत माणूस राहत नसेल तर तो दरवाजा कशाला हवाय कुणाला?

हॉटेलला माझा विरोध नाही, गैरसमज करून घेऊ नकोस. तुमच्या युनिव्हर्सिटीचं आर्किटेक्चर कॉलेज रसूलियानांच्या जुन्या घरात भरतं, अंगणात पोरं मॉडेलं कापत बसतात, ते घर जिवंत आहे. फहादान या जुन्या मोहल्ल्याच्या गल्ल्यांत अफगाण मजुरांची कुटुंबं भाड्यानं राहतात, त्यांना वारसा जपणारे असं कुणी म्हणत नाही, पण रोज संध्याकाळी तिथे जेवण शिजतं, आणि 2017ला युनेस्कोच्या यादीत नाव आलेलं ते शहर हेच. पण तुझा भाऊ आजीला सफाइये भागातल्या फ्लॅटमध्ये हलवून सगळ्या खोल्या पाहुण्यांना द्यायचं म्हणत असेल, तर नाही म्हण, स्पष्ट नाही म्हण. दोन-तीन खोल्या दे, त्या पैशांतून गच्चीचा काहगिल, तो मातीचा गिलावा, नव्यानं करून घे, माती आणि गव्हाचा पेंढा नीट भिजू दे, घाई केली तर तडे जातात. स्वयंपाकघर आणि हौदाची खोली आजीची. तुझा लॅपटॉपही दुपारी त्याच खोलीत ने, तिथे बसून काम कर.

आणि आजीशी दरी बोल. मोडकी तर मोडकी, पुण्याची तर पुण्याची. आजी हसेल, हसू दे.

विटा काढायला गवंडी उन्हाळ्याआधी बोलव, आणि तोडायच्या आधी आतल्या लाकडी दांड्यांचे फोटो मला पाठव, त्या कुजल्या असतील तर वर कुणालाही चढू देऊ नकोस.

तुझी मॅडम