घोड्याची खरूज आणि गाईचं औषध

प्रश्न: डॉक्टरसाहेब, दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून चार वर्षांची घोडी आणली, वरातीसाठी. पंधरा-वीस दिवसांत मानेवरचे आणि खांद्यावरचे केस जायला लागले, दिवसभर खांबाला अंग घासते, खपल्या पडतात. गाईंसाठी आणलेलं गोचिडाचं औषध घरात आहे, ते पाण्यात कालवून लावू का? शेजारचे म्हणतात जळालेलं ऑईल चोपड. – एक वाचक, शहादा तालुका

उत्तर: लावू नका. आधी ती बाटली हातात घ्या आणि लेबल वाचा. गोचिडावर आपल्याकडे 12.5 टक्क्यांचं अमिट्राझ सर्रास मिळतं, गाई-म्हशींना ते चालतं, म्हणून लोक गोठ्यातली बाटली तशीच तबेल्यात नेतात. घोड्याला अमिट्राझ अजिबात चालत नाही. कातडीतून अंगात गेलं की आतड्याची हालचाल मंदावते, मोठ्या आतड्यात लीद सुकून अडकते आणि पोटशूळ उठतो. खाजेने घोडं मरत नाही हो, पण या पोटशूळाने मरू शकतं.

एकदा रात्री दहाच्या सुमारास मला असंच बोलावणं आलं. घोडी उभी होती, चंदीचा तोबरा जसाच्या तसा भरलेला, आणि ती सारखी मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघत होती. उजव्या कुशीला कान लावला. एरवी तिथे मिनिटाला एक-दोनदा तरी नळातून पाणी सुटल्यासारखा आवाज येतो, तिथे काहीच नाही, नुसती शांतता. मोतद्दार म्हणाला परवा गोचिडाचं औषध लावलं, चांगलं चोळून लावलं. त्याने मायेनेच लावलं होतं. नाकातून नळी घालून तेल-पाणी सोडणं, सलाईन, असं करत दोन रात्री गेल्या, तिसऱ्या दिवशी पहाटे लीद पडली तेव्हा तो माणूस ढसाढसा रडला. म्हणून हे इतकं कळकळीने लिहितोय. तुम्ही लावून बसला असाल तर हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने अंग लगेच धुवा, डॉक्टरांना बोलवा आणि लीद किती पडते यावर लक्ष ठेवा.

जळालेल्या ऑईलचंही तेच, नको. कातडी भाजल्यासारखी होते, घोडं अंग चाटतं, ते पोटात जातं आणि खाली किडे जिवंतच राहतात.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. खरूज म्हणजे डोळ्यांना न दिसणारे किंवा जेमतेम दिसणारे किडे, आणि ते एका जातीचे नसतात. सार्कोप्टिस कातडीत बोगदे करतो, सुरुवात डोकं, मान, खांदा इथून, तुमच्या घोडीचं वर्णन त्याच्याशी जुळतं. सोरोप्टिस वरवर राहतो, आयाळीच्या आणि शेपटीच्या बुडाशी, कधी कानात, मग घोडं सारखं डोकं झटकतं. कोरिऑप्टिस खाली पायांवर असतो, घोडं रात्रभर पाय आपटत राहतं आणि मालकाला वाटतं डास चावतायत. पण आयाळीत उवा असल्या तरी केस जातात, गजकर्ण असलं तरी जातात, त्यामुळे नुसतं बघून औषध देणं चुकीचं. डॉक्टर ब्लेडवर थोडं पॅराफिन घेऊन जखमेच्या कडेची कातडी खरवडतात, किंचित रक्त दिसेपर्यंत, आणि ते मायक्रोस्कोपखाली बघतात. दोन-तीन ठिकाणचं खरवडायला सांगा. सार्कोप्टिस पहिल्या वेळी बरेचदा सापडत नाही, म्हणून रिपोर्टमध्ये काही नाही आलं म्हणजे खरूज नाहीच असं धरू नका.

औषध बहुतेक वेळा आयव्हरमेक्टिन, किलोला 0.2 मिलिग्रॅम, तोंडातून, घोड्यांसाठीची पेस्ट मिळते ती. गाईचं इंजेक्शन घोड्याला टोचायचं नाही, सुईच्या जागी जीवघेणी सूज आलेली उदाहरणं आहेत. अंडी या औषधाने मरत नाहीत, त्यामुळे 14 दिवसांनी दुसरा डोस लागतोच, आणि लोक नेमके तिथेच चुकतात, खाज कमी झाली की दुसरा डोस राहून जातो. वजन अंदाजाने सांगू नका. टेपने छातीचा घेर मोजा, खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा, दोन्ही सेंटीमीटरमध्ये, घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11880. घेर 160 आणि लांबी 155 असेल तर साधारण 334 किलो येतात, म्हणजे 67 मिलिग्रॅम. पायावरच्या खरजेला मात्र पोटातलं औषध पुरत नाही, तिथे वरून फवारणी किंवा डॉक्टरांनी दिलेलं चुना-गंधकाचं पाणी लागतं, वास सडक्या अंड्याचा येतो पण उपयोग होतो.

आणि खरारा, झूल, खोगीर, दोर हे सगळं तिचं वेगळं ठेवा. सोरोप्टिस अंगाबाहेर दोन-तीन आठवडे जगतो, तोच खरारा दुसऱ्या घोड्याला फिरवलात की त्यालाही लागण. पुढच्या वेळी यात्रेतून जनावर आणलं की निदान तीन आठवडे बाजूला बांधा.

प्रश्न: माझ्या घोड्याला दर पावसाळ्यात डोळ्याच्या कोपऱ्यात आणि पायाला जखम होते, मलम लावून भरत नाही, थंडीत आपोआप सुकते. हीपण खरूज का? – एक टांगेवाले वाचक

उत्तर: नाही, ही बरसाती. इंग्रजांच्या काळातल्या लष्करी घोडेडॉक्टरांनीही आपलंच हे नाव उचललं होतं. हॅब्रोनिमा नावाचा जंत घोड्याच्या पोटात असतो, त्याच्या पिल्ल्या लिदीतून माशीच्या अळीत जातात, मग ती माशी ओलसर जागी बसते, जखमेवर, डोळ्याच्या कडेला, आणि पिल्ल्या तिथे उतरतात. तिथे त्या मोठ्या होऊ शकत नाहीत, नुसत्या वळवळतात, म्हणून जखम लाल, फुगीर होते आणि आत पिवळे कडक कण लागतात, कंकर म्हणतात ते. थंडीत माश्या कमी होतात म्हणून सुकते. वरच्या मलमाने काय होणार, जंताचं औषध पोटातच द्यायला हवं आणि फुगलेल्या मांसावर डॉक्टर वेगळं औषध देतील. लीद रोज लांब नेऊन टाका, बारीकशीही जखम उघडी ठेवू नका.

एक मात्र बघा. पायावर गाठींची ओळ असेल, त्या फुटून मधासारखा चिकट पू येत असेल, नाक वाहत असेल, तर हात लावू नका आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा. तो ग्लँडर्स असू शकतो, माणसालाही होतो आणि जीव घेतो. रक्ताची तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते.

प्रश्न: घोड्याला खरूज आहे आणि आता माझ्या मुलाच्या हातावर बारीक पुरळ आलंय, रात्री खाजवतो. संबंध आहे का?

उत्तर: असू शकतो. सार्कोप्टिस माणसाच्या कातडीतही शिरतो, पण तिथे त्याचा वंश वाढत नाही, त्यामुळे घोडं बरं झालं की पुरळही बहुतेक जातं. तरी मुलाला कातडीच्या डॉक्टरांना दाखवा आणि घरात घोड्याला खरूज आहे हे त्यांना आधी सांगा, नाहीतर ते ॲलर्जीचं औषध देतील. घोड्याचे दोन्ही डोस होईपर्यंत खरारा मुलाच्या हातात देऊ नका, झूल गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा.