लॅपटॉपला दोन ग्राफिक्स आहेत, बॅटरी दीड तासात संपते. एनव्हीडियाचं कार्ड डिसेबल करून टाकू का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: शिरपूरला इंजिनिअरिंग, लॅपटॉपमध्ये इंटेलचा प्रोसेसर (त्यात आतले ग्राफिक्स) आणि सोबत एनव्हीडियाचं आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्ड, विंडोज ११, बॅटरी ५० वॉट-अवरची. गावाकडे लाईटचा भरवसा नाही, आणि नुसतं क्रोम आणि वर्ड चालू ठेवलं तरी दीड तासात बॅटरी संपते. मित्र म्हणतो, डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन कार्ड डिसेबल कर.

तेवढं करू नका. कार्डाची वीज तोडण्याचं काम ड्रायव्हरच्या, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, मदतीने होतं. डिसेबल केलं की ड्रायव्हर बाजूला होतो, आणि बऱ्याच लॅपटॉपमध्ये कार्ड विंडोजला दिसत नाही, पण त्याला वीज मिळतच राहते. मोटर चालू ठेवून स्टार्टरजवळच्या गड्याला घरी पाठवण्यातला हा प्रकार आहे. बॅटरी कधी कधी आधीपेक्षाही लवकर उतरते ती यामुळेच.

आधी हिशोब बघा. ५० वॉट-अवर दीड तासात संपले म्हणजे सरासरी ३३ वॉट जात आहेत. वर्ड आणि ब्राउझरसाठी इंटेलचे आतले ग्राफिक्स वापरले तर पूर्ण लॅपटॉप साधारण ८ ते १२ वॉटवर चालायला हवा, म्हणजे चार ते सहा तास. एनव्हीडियाचं कार्ड काहीही न करता नुसतं जागं राहिलं तरी ५ ते १५ वॉट खातं. तेव्हा प्रश्न कार्ड काढायचा नाही, त्याला झोपू कोण देत नाही हे शोधायचा आहे.

त्याआधी बॅटरी खरंच ५० ची उरली आहे का ते तपासा. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, एक स्पेस, स्लॅश आणि बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा. रिपोर्टची फाइल कुठे ठेवली तो पत्ता तिथेच दिसतो. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ हे दोन आकडे बघा. हे आकडे मिलीवॉट-अवरमध्ये असतात. दुसरा ३०,००० च्या (म्हणजे ३० वॉट-अवरच्या) आसपास आला असेल तर खाली लिहिलेलं सगळं करूनही अर्धाच फायदा होईल, बॅटरीच बदलावी लागेल.

आता मूळ मुद्दा. एनव्हीडियाने २०१० मध्ये ऑप्टिमस हे दोन ग्राफिक्समध्ये काम वाटून देणारं तंत्र आणलं, तेव्हापासून बहुतेक लॅपटॉपमध्ये स्क्रीन इंटेलच्या ग्राफिक्सला जोडलेली असते. गेम चालू केला की एनव्हीडिया चित्र तयार करतं आणि इंटेलकडे सोपवतं. काम नसेल तर ते पूर्ण बंद होऊ शकतं. पण बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये आता मक्स स्विच येतो, त्याने स्क्रीन थेट एनव्हीडियाला जोडता येते. गेममध्ये दर सेकंदाला दिसणारे फ्रेम (एफपीएस) थोडे वाढतात म्हणून कोणीतरी ते सेटिंग ‘डिस्क्रीट’वर टाकून ठेवतं आणि विसरतं. मग वर्डमधलं एक अक्षरही एनव्हीडियाच दाखवत असतं, कार्ड कधीच झोपत नाही. तुमचा ३३ वॉटचा आकडा बघून माझा पहिला संशय यावरच आहे. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये बघा: असूसला आर्मरी क्रेट, लेनोव्होला व्हँटेज, एचपीला ओमेन गेमिंग हब, एमएसआयला एमएसआय सेंटर. तिथे ‘अल्टिमेट’ किंवा ‘डिस्क्रीट’ असेल तर ‘स्टँडर्ड’ किंवा ‘हायब्रिड’ करा आणि रीस्टार्ट करा. काही मॉडेलमध्ये हे सेटिंग फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, मिळतं.

हायब्रिड असूनही बॅटरी उतरत असेल, तर एखादा प्रोग्राम कार्डाला धरून बसला आहे. एनव्हीडिया कंट्रोल पॅनेलच्या ‘डेस्कटॉप’ मेनूमध्ये जीपीयू (ग्राफिक्स चिप) अ‍ॅक्टिव्हिटीचा आयकॉन दाखवण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. घड्याळाजवळ आलेल्या त्या आयकॉनवर क्लिक केलं की कार्ड वापरणाऱ्या प्रोग्रामची यादी दिसते. नेहमीचे गुन्हेगार म्हणजे हलणारे वॉलपेपर, गेमचे लाँचर, डिस्कॉर्ड, कीबोर्डच्या रंगीत दिव्यांचं सॉफ्टवेअर आणि मागे उघडं राहिलेलं ऑटोकॅड किंवा ब्लेंडर. लाँचर आणि वॉलपेपर विंडोजसोबत सुरू होण्यापासून थांबवा. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये ते होतं. बाकीच्यांना इंटेलकडे वळवायचं असेल तर सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स या वाटेने जा, प्रोग्राम निवडा, ‘पॉवर सेव्हिंग’ करा आणि तो प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा. चालू असलेल्या प्रोग्रामवर बदल लागू होत नाही, आणि ‘मी केलं पण फरक पडला नाही’ असं म्हणणारे बहुतेक इथेच अडकतात. हे सेटिंग म्हणजे विंडोजने दिलेला सल्ला आहे, सक्ती नाही. काही प्रोग्राम स्वतःच कार्ड निवडतात आणि ऐकत नाहीत.

एनव्हीडिया कंट्रोल पॅनेलमध्ये सगळ्या प्रोग्रामसाठी ‘प्रिफर मॅक्झिमम परफॉर्मन्स’ लावलेलं असेल तर ते आधी काढा. यूट्यूबवरच्या ‘एफपीएस वाढवा’ छाप व्हिडिओंची ही देणगी आहे. लावायचंच असेल तर एकेका गेमपुरतं लावा.

फरक मोजायचा असेल तर एचडब्ल्यूइन्फो हा लॅपटॉपच्या सेन्सरचे आकडे दाखवणारा प्रोग्राम चालतो. चार्जर काढून बॅटरीच्या भागात चार्ज रेट बघा, वजा चिन्हासह वॉट दिसतात. पण त्यातला एनव्हीडियाचा सेन्सर आधी बंद करा. तापमान विचारण्यासाठी असे प्रोग्राम दर दोन सेकंदांनी कार्डाला हलवतात आणि ते झोपतच नाही. मोजणारा प्रोग्रामच मोजणी बिघडवतो.

कंपनीच्या अ‍ॅपमध्ये ‘इको’ किंवा ‘आयजीपीयू ओन्ली’ (फक्त आतले ग्राफिक्स) नावाचा मोड असेल तर तो डिव्हाइस मॅनेजरसारखा नाही. इथे कंपनीचं फर्मवेअर (लॅपटॉपच्या चिपमध्येच असलेलं सॉफ्टवेअर) कार्डाची वीजच तोडतं, म्हणून तो बिनधास्त वापरा. मोड बदलताना कार्ड वापरणारे प्रोग्राम आधी बंद करा, नाहीतर बदल अडकतो. आणि बऱ्याच गेमिंग लॅपटॉपचा एचडीएमआय पोर्ट एनव्हीडियालाच जोडलेला असतो, त्यामुळे इकोमध्ये प्रोजेक्टर लागणार नाही. सेमिनारच्या दिवशी हायब्रिडवर या. याच कारणाने बाहेरचा मॉनिटर लावलेला असताना कार्ड जागंच राहतं.

आता आपल्याकडची गोष्ट, जी बाहेरच्या गाइडमध्ये सहसा सापडत नाही. असूसचं ‘ऑप्टिमाइझ्ड’ आणि लेनोव्होचं ‘हायब्रिड ऑटो’ हे मोड चार्जर लागला आहे की नाही एवढंच बघतात. लाईट गेली आणि घरचा इन्व्हर्टर सुरू झाला, की लॅपटॉपच्या दृष्टीने लाईट आहेच. तो कार्ड जागं करतो, पंखे वाढवतो, आणि इन्व्हर्टरची बॅटरी खातो. १२ व्होल्ट १५० अ‍ॅम्पियर-अवरची बॅटरी कागदावर १८०० वॉट-अवरची असते, हातात त्याहून कमी येतात, आणि त्यावर घरातले पंखे-दिवेही असतात. म्हणून लोडशेडिंगच्या वेळात हाताने इको निवडा आणि विंडोजचा पॉवर मोड चार्जरवरही ‘बेस्ट पॉवर एफिशियन्सी’ ठेवा. बॅटरी आधीच भरलेली असेल तर चार्जर काढूनच बसा.

चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवणाऱ्या मर्यादेबद्दल: जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि पूर्ण भरलेली लिथियम बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते. एरवी मर्यादा चालू ठेवा. ज्या दिवशी लाईट जाणार हे ठरलेलं आहे त्या दिवशी ती काढून १०० करा, चार्ज होताच वापरायला घ्या. पत्र्याच्या खोलीत दुपारी चार्जिंगला लावून गेम खेळणं टाळाच.

कार्ड झोपलं आहे हे खात्रीने कळलं आणि तरी १५ वॉटच्या वर जात असतील, तर स्क्रीन बघा. तिचा रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं तो आकडा) १४४ हर्ट्झ असेल तर बॅटरीवर ६० करा, ब्राइटनेस खाली आणा. मोठ्या विंडोज अपडेटनंतर किंवा नवा ग्राफिक्स ड्रायव्हर टाकल्यावर काही सेटिंग मूळ पदावर जातात, तेव्हा घड्याळाजवळच्या त्या आयकॉनवर एकदा नजर टाका.

विंडोजऐवजी उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकणार असाल तर प्राइम-सिलेक्ट या कमांडने ‘ऑन-डिमांड’ ठेवा. ३०५० हे कार्ड रिकामं असताना स्वतःहून पूर्ण बंद होऊ शकतं. कार्ड झोपलं का हे एनव्हीडिया-एसएमआय (कार्डाची स्थिती दाखवणारी कमांड) चालवून बघू नका, तीच कमांड त्याला उठवते. सिसएफएसमध्ये (हार्डवेअरची माहिती देणारं लिनक्सचं sys फोल्डर) त्या कार्डाच्या पॉवर फोल्डरमधली runtime_status नावाची फाइल वाचा. ‘सस्पेंडेड’ लिहिलेलं असेल तर काम झालं.