सगळे रडत होते, मला काहीच वाटलं नाही

"मॅडम, रिट्रीटला गेले होते, सगळ्यांना काहीतरी झालं, मलाच का नाही झालं?" हा प्रश्न घेऊन कॉलेजची मुलं अधूनमधून माझ्याकडे समुपदेशनाला येतात. रिट्रीट म्हणजे घरापासून लांब राहून केलेलं प्रार्थना-चिंतनाचं शिबिर. आणि फक्त चर्चवालीच येतात असं नाही, दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून आलेलीही हेच विचारतात. त्यातली एक गोष्ट सांगते. मुलीला आणि तिच्या आईला विचारून लिहितेय, ओळखीच्या खुणा बदलल्यात. तिला आपण रूथ म्हणू.

आधी आईचाच फोन आला. कुटुंब ऐरोलीचं, माहेर नगरचं, पिढ्यानपिढ्या ख्रिस्ती. रूथ एसवायला, वाशीला कॉलेज. मंडळीच्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या, युवक संघाचं वीकेंड रिट्रीट होतं कर्जतच्या बाजूला, शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार. आई म्हणाली, "मीच ढकलून पाठवलं हो, म्हटलं मोबाईलमधून डोकं बाहेर काढेल, आणि आल्यापासून बोलतच नाही, नीट जेवत नाही, रविवारी चर्चला यायचं म्हटलं की पोट दुखतं. कुणा मुलाचं काही नसेल ना?" आया आधी तिकडेच जातात, काळजीपोटीच जातात.

माझं क्लिनिक नौपाड्यात आहे. रूथ ट्रान्स हार्बर लोकलने ठाण्याला आली, एकटी, आईला नको म्हणाली. पहिली वीस मिनिटं एसीच्या रिमोटकडे बघत बसली होती. मग एकदम बोलायला लागली ते थांबेचना.

शुक्रवारी बस शिळफाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकली, पोचायला रात्रीचे अकरा, मग ओळखपरेड, झोपायला दोन, आणि पहाटे साडेपाचला प्रार्थनेची घंटा. शनिवारी दिवसभर वचन (बायबलमधलं वाचन), ग्रुप डिस्कशन, खेळ. आणि रात्री स्तुती-आराधना, लाइट बंद, मेणबत्त्या, गिटार, तेच कडवं परत परत. हळूहळू मुलं रडायला लागली, कुणी गुडघ्यावर, कुणी एकमेकांच्या गळ्यात. तिची बेस्ट फ्रेंड हुंदके देत होती. आणि रूथ मधोमध उभी, कोरडी. तिच्या डोक्यात चालू होतं की माझे पाय दुखतायत, सोमवारी प्रॅक्टिकलचं जर्नल सबमिट करायचंय, आणि देव सगळ्यांकडे आला पण माझ्याकडे नाही आला.

मग साक्ष द्यायची वेळ आली. ज्यांना हे शब्द माहीत नाहीत त्यांच्यासाठी, साक्ष म्हणजे देवाने माझ्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगणं. गोलात बसले होते, एकेक जण उठत होता. तिचा नंबर आला तेव्हा ती उठली आणि म्हणाली, मला कुणीतरी खांद्यावर हात ठेवल्यासारखं वाटलं, सगळी भीती निघून गेली. सगळ्यांनी हालेलुया म्हटलं. युवक संघाच्या ताईंनी तिला जवळ घेतलं.

"मॅडम, तसं काहीच झालं नव्हतं. मी देवाच्या नावाने खोटं बोलले." आणि वर कुणीतरी सुचवलं होतं की पुढच्या रविवारी उपासनेत हीच साक्ष मंडळीसमोर दे. म्हणून पोटदुखी.

मला ती मुलगी त्या क्षणी फार आवडली. एवढं खरेपण असलेलं मूल स्वतःला खोटारडं म्हणत होतं. पण "अगं त्यात काय एवढं" असं मी म्हटलं नाही, कारण तिच्यासाठी ते एवढं मोठं होतंच, आणि तिच्या श्रद्धेत ते खरंच मोठं आहे. माणूस समोर जे ओझं ठेवतो त्याचं वजन आपण ठरवायचं नसतं.

मी तिला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अॅश यांचा १९५० च्या दशकातला प्रयोग सांगितला. कॉलेजच्या मुलांच्या ग्रुपला एक रेघ दाखवायची आणि शेजारच्या तीन रेघांपैकी तेवढ्याच लांबीची कुठली ते विचारायचं, इतकं सोपं की एकट्याने केलं तर जवळजवळ कुणीच चुकत नाही. पण ग्रुपमधला एकच जण खरा विद्यार्थी, बाकीचे सगळे आधीच पढवलेले, ते ठरवून चुकीची रेघ सांगायचे. तर साधारण चारातल्या तिघांनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसत असलेलं सोडून ग्रुपचं उत्तर दिलं. तीही साध्या रेघांची गोष्ट, अनोळखी पोरांमध्ये. तू तर आपल्या माणसांमध्ये होतीस, आदल्या रात्री धड झोप नाही, अंधार, सगळे रडतायत, आणि सगळ्यांचं लक्ष तुझ्यावर. रूथ म्हणाली, म्हणजे मी घाबरले होते. मी म्हटलं हो, घाबरली होतीस, आणि तुला त्यांच्यातलं एक राहायचं होतं.

त्याच प्रयोगातलं पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पढवलेल्यांपैकी एकाने जरी बरोबर उत्तर दिलं, तरी त्या विद्यार्थ्याचं ग्रुपमागे जाणं खूप कमी व्हायचं. तिला विचारलं, तुला खरं सांगता येईल असं तिथे एक माणूस कोण? बराच वेळ विचार करून म्हणाली, ताई.

दुसऱ्या भेटीत मात्र म्हणाली, युवक संघच सोडते, विषय संपला. तेव्हा मी तिला इग्नेशियस लोयोला सांगितले, सोळाव्या शतकातले, कॅथलिक परंपरेतली रिट्रीटची पद्धत ज्यांनी बसवली. त्यांनी दोन्ही बाजूंनी सावध केलंय. मन उचंबळून आलेलं असताना घाईघाईत शपथा घेऊ नका, आणि मन कोरडं पडलेलं असताना आधी शांतपणे ठरवलेलं काही बदलू नका. मी ख्रिस्ती नाही, घरात वारी आहे, पण हे वाचलं तेव्हा वाटलं की हा माणूस चांगला समुपदेशक झाला असता. मी म्हटलं आमच्या तुकोबांनीही देव भेटत नाही म्हणून किती तक्रारी केल्यात. तर ती पहिल्यांदा हसली, म्हणाली आजी सांगते, आपले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक तुकारामांच्या पुलावरूनच ख्रिस्ताकडे आले.

गुरुवारी ती ताईंना भेटली, वाशी स्टेशनच्या बाहेर, उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. ताई रागावल्या नाहीत. त्यांनी तिला बायबलमधली एलीया संदेष्ट्याची गोष्ट परत वाचायला लावली, पहिले राजे, अध्याय १९. एलीया इतका खचलेला की झुडपाखाली बसून मरण मागतो, आणि तेव्हा त्याला उपदेश मिळत नाही, झोप मिळते, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी मिळतं, तेही दोनदा. वारा, भूकंप, अग्नी हे सगळं नंतर, आणि त्यात परमेश्वर नव्हता, शेवटी मंद वाणी आली. ताई म्हणाल्या, चूक आमची पण आहे, आम्ही पोरांना झोपू दिलं नाही आणि गोलात बसवून नंबर लावले. रविवारची साक्ष त्यांनी स्वतःच रद्द केली, कुणाला कारण न सांगता.

मग मी रूथला विचारलं, त्या दोन दिवसांत एक तरी क्षण बरा गेला का? म्हणाली रविवारी पहाटे, सगळे झोपलेले, ती किचनमधल्या मावशींबरोबर पोह्यांचे कांदे चिरत बसली होती, बाहेर धुकं होतं, मावशी काहीतरी गुणगुणत होत्या. "तेव्हा छान वाटलं, पण ते काय साक्षीत सांगणार." मी काहीच बोलले नाही, तिचं तिलाच ऐकू गेलं होतं.

आईवडिलांना एवढंच सांगेन, मूल दारात आल्या आल्या "मग, काय अनुभव आला?" विचारू नका, आधी जेवू द्या, झोपू द्या. पाठवताना झोपायचे तास विचारा, घरी फोन करू देतात का विचारा. कसलीही औषधं चालू असतील, फिटची असोत नाहीतर डिप्रेशनची, तर ती प्रार्थनेच्या भरवशावर बंद करायला कुणी सांगत असेल तर त्याच दिवशी मुलाला घरी आणा. आणि परत आल्यावर आठवडाभर झोप-जेवण बिघडलेलंच असेल, किंवा मूल जगण्यात अर्थ नाही असं बोलायला लागलं तर थांबू नका, डॉक्टरकडे न्या, टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो.

रूथ पुढच्या वर्षी परत गेली, या वेळी व्हॉलंटियर म्हणून, किचन टीममध्ये. जायच्या आधी ताईंनी तिला रिट्रीटचा फॉर्म बघायला दिला होता, काही सुचतंय का म्हणून. तिने वेळापत्रकात शनिवारच्या साक्षीपुढे कंसात दोन शब्द वाढवले, "इच्छा असल्यास", आणि रात्रीची झोप बारावरून साडेदहावर आणली.