वाचक विचारतात : विद्यापीठाचे खरे जन्मवर्ष कोणते?

प्रश्न : अमेरिकेत मिझूरी राज्यातल्या कर्क्सव्हिल या छोट्या गावी ट्रूमन स्टेट विद्यापीठ आहे. त्याच्या इतिहासावर लेख लिहितो आहे. स्थापनेचे साल कुठे १८६७, कुठे १८७०, तर कुठे १९९६ मिळते. कोणते धरू? सरकारी जमिनीच्या जोरावर उभ्या राहिलेल्या विद्यापीठांपैकीच हे एक का?

उत्तर : तिन्ही सालांना आधार आहे, पण घटना वेगवेगळ्या आहेत. १८६७ मध्ये जोसेफ बाल्डविन यांनी तिथे शिक्षक तयार करणारी खासगी शाळा काढली. अशा शाळेला तेव्हा 'नॉर्मल स्कूल' म्हणत. १८७० मध्ये राज्याने ती आपल्याकडे घेतली आणि ती 'पहिल्या जिल्ह्याची नॉर्मल स्कूल' झाली. १९१९ मध्ये 'टीचर्स कॉलेज', १९७२ मध्ये 'युनिव्हर्सिटी' आणि १९९६ मध्ये मिझूरीचेच असलेले राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांचे नाव. तेव्हा 'स्थापना १८६७, सरकारी १८७० पासून' असे लिहा. १९९६ हे फक्त नामांतराचे साल आहे. ते स्थापनेचे म्हणून छापणे ही सरळ चूक ठरेल.

जमिनीचे म्हणाल तर, नाही. १८६२ च्या मॉरिल कायद्याने केंद्रीय संसदेतल्या राज्याच्या प्रत्येक सिनेटर आणि प्रतिनिधीमागे ३०,००० एकर केंद्रीय जमीन दिली. ती विकून आलेल्या रकमेच्या व्याजावर शेती आणि यंत्रविद्येची कॉलेजे चालवायची होती. मिझूरीत हा लाभ कोलंबिया शहरातल्या मिझूरी विद्यापीठाला आणि त्याच्याच रोला इथल्या शाखेला गेला. नॉर्मल स्कूलचे घराणेच निराळे. गावोगावच्या शाळांना शिक्षक हवे होते, त्या गरजेतून ती निघाली. पुढे हायस्कुले वाढली, तिथल्या शिक्षकाला पदवी लागू लागली, म्हणून शाळांची कॉलेजे झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर विद्यार्थी लोटले, विषय वाढले आणि 'टीचर्स' हा शब्द गळाला. अमेरिकेतल्या कितीतरी छोट्या गावांतली सरकारी विद्यापीठे याच वाटेने घडली. इतिहास लिहिताना हा धागा सोडू नका.

प्रश्न : याच विद्यापीठाचे जुने कागद शोधले, तर हाती काहीच लागत नाही. असे का?

उत्तर : बहुधा तुम्ही आजच्या नावाने शोधता आहात. १९९६ पूर्वीच्या कागदांवर ते नाव असणारच नाही. आधी कालखंड ठरवा, मग त्या काळचे नाव घाला. सुरुवात वार्षिक माहितीपुस्तकांपासून करा : मुखपृष्ठावर त्या वर्षीचे अधिकृत नाव असते, आत अभ्यासक्रम, शुल्क आणि शिक्षकांची यादी. नामांतराची तारीख मात्र राज्याच्या त्या वर्षीच्या कायद्यांच्या खंडातूनच घ्या. कायदा होणे आणि तो लागू होणे यांत काही महिने जातात आणि तिथेच साल एकाने चुकते.

फोटोंसाठी एक पक्की खूण आहे. १९२४ मध्ये बाल्डविन हॉल ही जुनी मुख्य इमारत जळाली. आग विझवायला आवारातल्या तळ्याचे पाणी उपसले आणि ते तळे पुन्हा भरले नाही. आज तिथे सखल बाग आहे. फोटोत पाण्याने भरलेले तळे दिसले, तर तो आगीपूर्वीचा समजा.